तेनोच्तित्लान: आधी नाव, मग गरुड

तेनोच्तित्लान या नावात दगड आहे, निवडुंग आहे. गरुड मात्र कुठेच नाही. ही साधी बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण मेक्सिकोचा झेंडा आपण पाहिलेला असतो आणि त्यावर मधोमध गरुडच बसलेला असतो. तळ्यातल्या खडकावर उगवलेला निवडुंग, निवडुंगावर गरुड आणि गरुडाच्या तावडीत साप. पाठ्यपुस्तकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सगळीकडे कथाही एकच सांगितली जाते. आस्त्लान नावाच्या दूरच्या मूलस्थानाहून निघालेली मेशिका जमात, जिला पुढे जगाने ॲझ्टेक म्हणायला सुरुवात केली, पिढ्यानपिढ्या भटकत राहिली. विट्सिलोपोच्त्ली या त्यांच्या कुलदैवताने खूण सांगून ठेवली होती, की निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे मुक्काम करा. १३२५ साली टेक्स्कोको तळ्यातल्या एका बेटावर ती खूण दिसली, तिथे नगर वसले आणि त्या दृश्यावरून नगराला नाव पडले. माझे म्हणणे असे, की या कथेत घटनांचा क्रम उलटा झाला आहे. नाव आधीचे आहे. ते नाव लिहिण्यासाठी जी चित्रखूण वापरली जाई तिच्याभोवती कथा रचली गेली, आणि तिचे आज प्रसिद्ध असलेले रूप नगर वसल्यानंतर शंभरएक वर्षांनी, मेशिका स्वतः राज्यकर्ते झाल्यावर आकाराला आले. म्हणून ही कथा १३२५ सालाबद्दल थोडे आणि पंधराव्या शतकाबद्दल पुष्कळ सांगते.

आधी नावाकडे पाहू. मेशिकांची भाषा नाहुआत्ल. तिच्यात ‘तेत्ल’ म्हणजे दगड, ‘नोच्त्ली’ म्हणजे निवडुंगाचे बोंड, आणि ‘तित्लान’ म्हणजे अमक्याजवळ किंवा अमक्यांमध्ये. महाराष्ट्रात बांधाला, कुंपणाला दिसणारा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच, याच जातकुळीचा. त्यामुळे नोच्त्ली म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. फड्याच्या कडेवर लागणारे, बारीक कुसांनी भरलेले, पिकले की लालभडक होणारे ते बोंड. तेव्हा तेनोच्तित्लान म्हणजे दगडावरच्या निवडुंगाजवळची जागा. मेक्सिकोच्या खोऱ्यात अशा घडणीची नावे ढिगाने सापडतात. त्याच खोऱ्यातले कुआउतित्लान हे नाव झाडांजवळची जागा एवढेच सांगते. वाटसरूला ठिकाण ओळखता यावे म्हणून डोळ्यांना दिसणारी एखादी वस्तू उचलायची आणि तिला प्रत्यय लावायचा, ही तिथली नाव देण्याची रोजची रीत होती. या रीतीने पडलेल्या नावामागे चमत्कार असावाच लागतो असे नाही, आणि कुआउतित्लानच्या झाडांवर कोणी देव बसवलेला नाही.

गुंता होतो तो तेनोच या माणसामुळे. स्पॅनिश विजयानंतर, साधारण १५४१ च्या सुमारास, मेक्सिको शहरातल्या देशी चित्रकारांनी एक पोथी तयार केली. व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा याच्या नावाने ती ओळखली जाते आणि आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या पहिल्या चित्रपानावर नगराची स्थापना काढलेली आहे. निळ्या पाण्याची चौकट, तिला चार भागांत छेदणारे दोन तिरपे कालवे, मधोमध दगडावरचा निवडुंग आणि त्यावर गरुड. भोवती गवताच्या आसनांवर बसलेले दहा पुरुष आहेत. त्यांतला एक पुरोहिताप्रमाणे अंगाला काळे फासून, इतरांपेक्षा मानाच्या विणलेल्या चटईवर बसला आहे. त्याच्या तोंडासमोर बोलण्याची खूण आहे आणि पाठीमागे त्याचे नाव लिहिले आहे: एक दगड, त्यावर एक निवडुंग. म्हणजे एकाच पानावर, एकाच खुणेने, नगराचेही नाव लिहिले आहे आणि माणसाचेही. नगरवासीयांना ‘तेनोच्का’ म्हणत. त्या शब्दात ‘तित्लान’ नाही, नुसता तेनोच आहे. यावरून काही जण म्हणतात, की आधी तेनोच नावाचा म्होरक्या, मग त्याची माणसे तेनोच्का, मग त्यांचे गाव तेनोच्तित्लान. दुसरे म्हणतात, की गावाच्या नावावरून मूळपुरुष मागाहून कल्पिला, जसा पुष्कळ जुन्या वंशकथांत कल्पिला जातो. दुसरे मत मला अधिक पटते, कारण मेंदोसा पोथी तेनोचला मोजून ५१ वर्षांचा अधिकार देते आणि तो संपतो तिथे पहिल्या राजाची, आकामापिच्त्लीची, कारकीर्द बेमालूम सुरू होते. खऱ्या माणसांची आयुष्ये इतकी चौकोनी नसतात. पण दोहोंपैकी काहीही खरे असले तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. नाव जागेवरून पडलेले असो वा माणसावरून, त्यासाठी दगड आणि निवडुंग पुरतात. गरुड लागत नाही.

इथे नाहुआत्ल लेखनाची एक सवय ध्यानात घ्यायला हवी. ते लेखन पुष्कळदा वस्तू काढून आवाज लिहीत असे. ‘त्लान’ हा स्थानवाचक प्रत्यय लिहायचा तर दात काढत, कारण दाताला ‘त्लान्त्ली’ म्हणतात. कुआउनाउआक, ज्याचे स्पॅनिश लोकांनी कुएर्नावाका केले, त्या गावासाठी झाडाला बोलण्याची खूण जोडत, कारण जवळ या अर्थाचा ‘नाउआक’ बोलण्याच्या शब्दाशी जुळतो. त्या गावातली झाडे बोलतात असा त्याचा अर्थ कोणी घेत नसे. मात्र अशी खूण शतकभर डोळ्यांसमोर राहिली, मंदिरांवर आणि ढालींवर कोरली गेली, की तिच्यातल्या वस्तूंना स्वतःचे जीवन येते. दगड का, निवडुंग का, असे प्रश्न मुले विचारू लागतात आणि वडीलधारे उत्तरे देऊ लागतात. तेनोच्तित्लानच्या बाबतीत भाषाशास्त्राने यात आणखी एक अडचण पुढे आणली आहे. नोच्त्लीतला ‘नो’ दीर्घ आहे. पण नाहुआत्लचे ऱ्हस्व-दीर्घ काळजीने नोंदवणाऱ्या सोळाव्या शतकाअखेरच्या एका संवादसंग्रहात नगराच्या नावातला तोच स्वर ऱ्हस्व दाखवलेला आहे. ही नोंद एकुलती एक आहे आणि तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरीही ती बरोबर असेल, तर मूळ नावाचा निवडुंगाशीही संबंध नव्हता. निवडुंग फक्त आवाजासाठी काढला गेला आणि पुढे त्या चित्रालाच अर्थ चिकटला. तसे असेल तर नाव आधी आणि दृश्य नंतर हे म्हणणे दुपटीने खरे ठरते.

आता जागा पाहू, कारण कथेतली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत मोठे अंतर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मेशिका चापुल्तेपेकच्या टेकडीवर राहत होते. तिथे शेजारच्या राज्यांनी एकजूट करून त्यांचा पराभव केला. उरलेल्यांनी कुल्वाकानच्या राजाचा आश्रय घेतला. त्याने त्यांना तिसापान नावाचा खडकाळ, सापांनी भरलेला तुकडा दिला. साप खाऊन ते तिथे तगले असे त्यांच्याच बखरी अभिमानाने सांगतात. पुढे त्यांनी कुल्वाकानच्या राजकन्येला देवी बनवण्यासाठी मागून घेतले आणि तिचा बळी दिला. राजाच्या सैन्याने त्यांना तळ्यात पिटाळले. लव्हाळ्यांत लपतछपत ते ज्या चिखलाच्या बेटावर पोचले ते खोऱ्यातले कोणाला नको असलेले ठिकाण होते, तेही आस्कापोत्साल्कोच्या तेपानेक राजाच्या वर्चस्वाखालचे. आसपासचे पाणी बरेचसे खारट, जळणाला लाकूड नाही आणि बांधायला दगड नाही. दिएगो दुरान या दोमिनिकन साधूने १५८१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात सांगितले आहे, की मेशिकांनी मासे, बेडूक आणि पाणपक्षी किनाऱ्यावरच्या बाजारांत नेऊन त्यांच्या बदल्यात लाकूड आणि दगड आणले, तेव्हा कुठे देवाचे धड ठाण उभे राहिले. पहिले ठाण तर गवताच्या ढेपळांचे आणि बोरूचे होते. दगडावरून नाव पडलेल्या नगराला दगड विकत आणावा लागला, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात फार बोलकी वाटते. त्या चिखलात एखादा खडक नव्हताच असे म्हणता येत नाही. तळ्यात खडकाळ बेटे होती. पण नगराच्या नावात दगड येतो तो त्या जागेवर दगडांची रेलचेल होती म्हणून नव्हे.

या पार्श्वभूमीवर स्थापनेची कथा वाचली की तिचे काम कळते. ती पळून आलेल्यांना पाहुणे ठरवते. विट्सिलोपोच्त्लीची टाकून दिलेली बहीण मालिनाल्शोचित्ल, तिचा मुलगा कोपिल सूड घ्यायला येतो, तेपेत्सिन्को या खडकाळ बेटावर, म्हणजे आजच्या मेक्सिको शहराच्या विमानतळालगतच्या टेकडीवर, मारला जातो. त्याचे हृदय लव्हाळ्यांत भिरकावले जाते आणि त्यातूनच निवडुंग उगवतो. म्हणजे ज्या जागेवर मेशिकांना नाइलाजाने जावे लागले, ती जागा त्यांच्या दैवताने आधीच पेरून ठेवलेली निघते. फेर्नांदो आल्वारादो तेसोसोमोक या मेशिका राजा दुसऱ्या मोक्तेसुमाच्या नातवाच्या नावाने चालणाऱ्या नाहुआत्ल बखरीत आणखी एक प्रसंग येतो. आशोलोवा नावाचा पुरोहित पाण्यात बुडतो, तळाशी त्याला पर्जन्यदेव त्लालोक भेटतो आणि माझा लेक विट्सिलोपोच्त्ली घरी आला अशा अर्थाचे स्वागत करतो. महामंदिराच्या माथ्यावर दोन गाभारे शेजारीशेजारी होते, एक विट्सिलोपोच्त्लीचा आणि एक त्लालोकचा. शहराच्या पोटात गेलेले ते मंदिर १९७८ नंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उघडे झाले, आणि १३९० च्या आसपासच्या थरातही ही जोडी सापडली आहे. आशोलोवाची कथा त्या जोडीचे स्पष्टीकरण आहे. जुन्या पाण्याच्या देवाने नव्या युद्धदेवाला जागा करून दिली, असे सांगणारे हे स्थलपुराण मंदिरासमोर उभे राहून रचलेले दिसते.

त्याच बखरींत दैवी खुणा एकदा नव्हे, दोनदा दिसतात, आणि इथे कथेची शिवण उघडी पडते. आधी मेशिकांना पांढऱ्या वस्तू दिसतात. झाडे पांढरी, लव्हाळे पांढरे, मासे आणि बेडूकही पांढरे. ते पाहून म्हातारे रडतात, देवाचे वचन पुरे झाले म्हणतात. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण दैवत पुन्हा सांगते, की उद्या निवडुंगावरचा गरुड शोधा. दुसऱ्या दिवशी गरुडही दिसतो आणि दोन रंगांचे पाणीही. दुरानच्या वर्णनात एक प्रवाह रक्तासारखा लाल तर दुसरा निळा आहे. पांढऱ्या झाडांची आणि पांढऱ्या लव्हाळ्यांची खूण मेशिकांची एकट्यांची नाही. चोलुलाच्या तोल्तेक वारशाची कथा सांगणाऱ्या तोल्तेका-चिचिमेका इतिहासातही ती येते. पुरातन, सुसंस्कृत तोल्तेकांच्या गादीवर हक्क सांगायचा असेल तर पांढरी खूण हवी, आणि लढाऊ देवाच्या नावाने साम्राज्य चालवायचे असेल तर गरुड हवा. दोन हक्क दोन दिवसांत वाटून दिले गेले. एका घटनेची आठवण सांगणाऱ्याला अशी वाटणी करावी लागली नसती.

गरुडाचे मूळही नगराच्या नावात नाही. ते बलिकर्मात आहे. गरुड म्हणजे सूर्य, आणि सूर्य म्हणजे विट्सिलोपोच्त्ली. बेर्नार्दिनो दे साआगुन या साधूने देशी जाणत्यांकडून लिहून घेतलेल्या ग्रंथात बळी दिलेल्यांच्या हृदयांना ‘कुआउनोच्त्ली’, म्हणजे गरुडबोंडे, असा शब्द येतो. निवडुंगावर बसून बोंडे खाणारा गरुड म्हणजे हृदये भक्षण करणारा सूर्य. ज्यांच्या नगराच्या खुणेत आधीच बोंड होते त्यांना हा दुवा जुळवायला फार लांब जावे लागले नाही. खूण होती तशीच ठेवून तिच्यावर फक्त एक पक्षी आणून बसवला, आणि गावाचे नाव साम्राज्याचे घोषवाक्य झाले. याचा स्पॅनिशपूर्व काळातला भक्कम पुरावा आहे एका कोरीव दगडात. मंदिराच्या आकाराचा हा दगड १९२६ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय राजवाड्याच्या पायातून काढला गेला. पवित्र युद्धाचे मंदिर असे त्याला म्हणतात, आणि त्यावरच्या वर्षखुणेवरून बहुतेक अभ्यासक तो १५०७ चा, म्हणजे दुसऱ्या मोक्तेसुमाच्या काळातला मानतात. त्याच्या पाठीवर पाण्यात पडलेल्या आकृतीतून निवडुंग उगवला आहे, बोंडे माणसाच्या हृदयासारखी आहेत आणि वर गरुड आहे. गरुडाच्या चोचीपुढे साप नाही. तिथे गुंफलेले पाणी आणि अग्नी आहेत, जी नाहुआत्लमधली युद्धाची खूण आहे. दुरानच्या कथेतले लाल आणि निळे प्रवाह याच खुणेचे शब्दरूप असावेत. या शिल्पात जे आहे ते सगळे बळीचे, युद्धाचे आणि सूर्याचे आहे. चिखलात लपलेल्या टोळीपाशी यातले काहीच नव्हते.

मग हे केव्हा घडले असावे? १४२८ साली इत्स्कोआत्लच्या कारकीर्दीत मेशिकांनी टेक्स्कोको राज्याच्या साहाय्याने आस्कापोत्साल्कोचा पाडाव केला, आणि मांडलिक म्हणून खंडणी भरणारे बेट खोऱ्याचे मालक झाले. त्यानंतर इत्स्कोआत्लने जुन्या चित्रपोथ्या जाळायला लावल्या. हा शत्रूने केलेला आरोप नाही. साआगुनला त्याच्या देशी जाणत्यांनीच ते सांगितले, आणि कारणही दिले, की सगळ्यांनीच ते जाणावे हे बरे नव्हते. जाळलेल्या पोथ्यांत काय होते ते सांगणे शक्य नाही, पण इतिहास नव्याने लिहिण्याची गरज कोणाला आणि केव्हा वाटली हे त्यातून लख्ख दिसते. आता वर्षे मोजून पाहा. मेशिका वर्षांना ५२ च्या चक्रात नावे असत. विट्सिलोपोच्त्लीशी जोडलेले वर्ष ‘१ गारगोटी’. आस्त्लानहून प्रस्थान ११६८ साली, १ गारगोटी. मेंदोसा पोथीत पहिल्या राजाची कारकीर्द १३७६ पासून, पुन्हा १ गारगोटी. आस्कापोत्साल्कोवरचा विजय १४२८, तेही १ गारगोटी. आणि नगराची स्थापना ‘२ घर’, १३२५, म्हणजे १ गारगोटीच्या नेमके पुढचे वर्ष. यांतला १४२८ चा विजय खरोखर त्या साली झाला. बाकीच्या घटना त्याच्या मागे ५२ च्या पटीत रांगेने उभ्या राहतात. विजयाच्या वर्षावरून मागे मोजत आरंभ ठरवला गेला, असे मानल्याशिवाय ही शिस्त समजत नाही. काही इतिहासकारांनी प्रत्यक्ष स्थापना वीसेक वर्षे पुढे, १३४५ च्या सुमारास नेली आहे, तर बेटावर मेशिकांच्या आधीही वस्ती होती असे सुचवणारे अवशेष बेटाच्या उत्तरेकडच्या त्लातेलोल्कोच्या बाजूला मिळाले आहेत. नगर एका सकाळी वसले नाही, एवढे निश्चित.

या मांडणीवर घेता येतील असे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप १३२५ च्या एप्रिलमधल्या सूर्यग्रहणाचा. त्या दिवशी या खोऱ्यातून सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला गेला होता. सूर्यपूजक लोकांनी अशा वर्षी नगर वसवले असेल आणि म्हणूनच वर्ष अचूक लक्षात राहिले असेल, असे म्हणता येते. पण हाच पुरावा उलटही वापरता येतो. आकाशातल्या अशा घटना पोथ्यांत नोंदवल्या जात. मागाहून शुभारंभाचे वर्ष निवडणाऱ्याला ग्रहणाचे वर्ष इतर कोणत्याही वर्षापेक्षा सोयीचे होते. ग्रहणामुळे वर्षाचे महत्त्व सिद्ध होते, स्थापना नव्हे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: इतक्या बखरी एकच दृश्य सांगतात, तर त्यामागे जुनी मौखिक परंपरा असणारच. परंपरा आहे हे मान्य. मात्र दुरान, तेसोसोमोक, मेंदोसा पोथी हे सगळे तेनोच्तित्लानच्याच राजघराण्याच्या आणि दरबाराच्या माहितीवर उभे आहेत. एका उगमातून निघालेले तीन प्रवाह एकमेकांशी जुळले तर त्यात नवल नाही. शिवाय ते तपशिलात जुळतही नाहीत. कुठे गरुड बोंडे खातो, कुठे त्याच्या तावडीत पक्षी आहे, कुठे काहीच नाही. सगळ्यांत जे स्थिर आहे ते दगड आणि निवडुंग, म्हणजे नावातले दोन घटक. स्थलांतराची सर्वांत सुंदर चित्रपट्टी, बोतुरिनी पट्टी म्हणून ओळखली जाणारी, कुल्वाकानच्या मुक्कामातच संपते आणि तिच्यात गरुडाचा प्रसंग येत नाही. ती अपुरी राहिलेली दिसते, त्यामुळे तिच्या मौनावर मी भार देत नाही.

तिसरा आक्षेप असा, की कथा राजकारणाने घडवली म्हटले की ती खोटी ठरते आणि मेशिकांच्या श्रद्धेचा अनादर होतो. मला हे मान्य नाही. तीन बाजूंना जाणारे सेतुमार्ग, चापुल्तेपेकहून पाणी आणणारा पाट, आणि दीड शतक कालवे खणून, भराव घालून माणसांनी वाढवलेली जमीन. १५१९ च्या नोव्हेंबरात एर्नान कोर्तेसने हे नगर पाहिले तेव्हा त्याच्या तोडीचे शहर त्याच्या सैनिकांतल्या फार थोड्यांनी पाहिले होते. वस्तीचे अंदाज पन्नास हजारांपासून दोन लाखांच्याही पुढे जातात. ज्यांना कोणी जागा दिली नाही अशा माणसांनी हे उभे केले. हे बेट आमच्यासाठीच राखून ठेवलेले होते, असे त्यांच्या नातवंडांनी म्हटले, तर त्यात फसवणुकीपेक्षा स्वतःच्या कष्टांना दिलेला मान मला जास्त दिसतो. इतिहासकाराने एवढेच करायचे, की तो मान १३२५ चा म्हणून न नोंदवता पंधराव्या शतकाचा म्हणून नोंदवायचा.

नगराला दुसरेही नाव होते, मेशिको, आणि तिथेही अर्थाने नावाला गाठण्याची हीच धडपड दिसते. १५९५ मध्ये नाहुआत्लचे व्याकरण लिहिणाऱ्या आंतोनियो देल रिंकोनने त्याचा संबंध चंद्राशी जोडला, आणि चंद्राच्या नाभीतले नगर हा अर्थ आजही पर्यटकांना ऐकवला जातो. पण ‘मेस्त्ली’ म्हणजे चंद्र आणि ‘शिक्त्ली’ म्हणजे नाभी यांचे स्वर आणि व्यंजने मेशिको या उच्चाराशी जुळत नाहीत. फ्रान्सिस कार्टुनेन यांच्यासारख्या नाहुआत्लच्या कोशकारांनी हे दाखवून दिले आहे. मेशी नावाच्या पुढाऱ्यावरून किंवा विट्सिलोपोच्त्लीच्याच एका नावावरून ते आले असे दुसरे मत आहे. मेशिको हे नाव त्लातेलोल्को या जुळ्या नगरालाही लागू होत असे. बेटाच्या उत्तर भागातल्या या मेशिकांचा स्वतःचा राजा होता, आणि १४७३ मध्ये तेनोच्तित्लानचा राजा आशायाकात्ल याने त्यांना जिंकून त्यांचे राज्य बुडवले. म्हणून तेनोच्तित्लान हे नाव मुद्दाम जपण्यात एक घरगुती कारणही होते: त्या नावावर फक्त दक्षिणेकडच्या भावांचा हक्क होता, आणि गरुडाच्या कथेत त्लातेलोल्कोला जागा नाही.

१३ ऑगस्ट १५२१ ला नगर पडले. त्यानंतरचा प्रवास माझ्या मुद्द्याला अनपेक्षित साक्ष देतो. स्पेनच्या राजाने ४ जुलै १५२३ रोजी नव्या मेक्सिको शहराला जे मानचिन्ह दिले त्यात किल्ला आहे, दोन सिंह आहेत, पूल आहेत आणि कडेला निवडुंगाचे दहा फडे आहेत, गरुड नाही. जिंकणाऱ्यांनी नावातला निवडुंग चालवून घेतला आणि देवाचा पक्षी गाळला. तरी गरुड शहरभर परतत राहिला, इतका की १६४२ मध्ये व्हाइसरॉयपदाचा कारभार पाहणाऱ्या हुआन दे पालाफोशने सार्वजनिक जागांवरून तो काढून टाकायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल १८२३ च्या ठरावाने संविधानसभेने राष्ट्रचिन्ह ठरवले ते असे: तळ्याच्या पाण्यातल्या खडकावर उगवलेल्या निवडुंगावर एका पायावर उभा असलेला, दुसऱ्या पायात साप धरलेला गरुड. साप पूर्वी दुरानच्या ग्रंथातल्या एका चित्रात दिसतो. पाणी आणि अग्नीची गुंफलेली खूण न कळल्यामुळे तिचा साप झाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि १५०७ च्या शिल्पाशेजारी आजचा झेंडा ठेवला की हे मत सहज पटते. १९२५ मध्ये सहाशे आणि २०२५ मध्ये सातशे वर्षांचे सोहळे झाले, ते याच गरुडाच्या छायेत.

मात्र दरबार आणि सोहळे सोडून रोजच्या कागदांकडे वळले की वेगळे चित्र दिसते. १५६५ च्या सुमारास स्पेनहून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यापुढे मेक्सिकोच्या देशी रहिवाशांनी गाऱ्हाणी मांडली. आमच्याकडून चुना घेतला, चारा घेतला, श्रम करून घेतले आणि मोबदला दिला नाही, असा त्यांचा रोख होता. ती गाऱ्हाणी ओसुना पोथीत चित्रांसह टिकून आहेत. तिच्यात तेनोच्तित्लान, टेक्स्कोको आणि त्लाकोपान या तीन जुन्या राजधान्यांच्या खुणा शेजारीशेजारी काढल्या आहेत, आणि तेनोच्तित्लानची खूण आहे दगडावरचा निवडुंग. पाडाव होऊन चाळीसहून अधिक वर्षे उलटल्यावरही वाचणाऱ्याला नगर ओळखायला तेवढे पुरत होते. त्या कागदावर बुडालेली मजुरी मागायची होती. देवाने दिलेला हक्क सांगायचा नव्हता, आणि म्हणून लिहिणाऱ्याला तिथे गरुड काढायचे कारण पडले नाही.